पाणी घालायची वेळ

आमच्या गल्लीतल्या बायका मला 'पाणीवाली' म्हणतात. तोंडावर सेनोबियाबाई, पाठ फिरली की पाणीवाली. कारण काय, तर मी लहान भांड्यात चिचा, म्हणजे आमची मक्याची बिअर, घट्ट शिजवते आणि मागाहून पाणी घालून वाढवते. म्हणू देत. कायम गल्लीचं भलंमोठं तांब्याचं पातेलं बघितलेल्या बायका त्या, त्यांना काय कळणार! मी लग्न होऊन गेले ती वर खाणीच्या वस्तीत. एक खोली, एक चूल आणि त्या चुलीवर मावेल एवढं एकच भांडं. सणाच्या दिवशी नवऱ्याच्या पाळीतले सगळे खाणकरी दारात उभे, आणि चिचा म्हणजे प्रत्येकाला पोटभर हवी. तिथे शिकले. मोड आलेला मका नेहमीच्या तिप्पट घ्यायचा, पाणी वाढवायचं नाही, बुडाला लागू न देता ढवळत बसायचं. काकवीसारखं दाट झालं की रांजणात ओतायचं, आणि मग उकळून निववलेलं पाणी घालून रांजण भरायचा. ह्यात लबाडी कसली आली? पाणी आधी घातलं काय नि नंतर घातलं काय, मका तोच.

एकच गोष्ट सांभाळावी लागते. जुन्या चिचेचा तळचा गाळ आम्ही विरजणासारखा घालतो, तो घालायच्या आधी पाणी पडलं पाहिजे. दाट रसात विरजण चढत नाही. बुडाशी जाऊन बसतं, आणि सगळ्या मेहनतीची गोडमिट्ट पेज होऊन डुकरांपुढे जाते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते ह्याच पाण्यावरून झालं.

निकासिया माझी कोमाद्रे. म्हणजे तिच्या पोराला, सेरापियोला, बाप्तिस्म्याच्या दिवशी मी हातावर धरलं होतं. मी त्याची धर्माची आई, म्हणून ती मला कोमाद्रे म्हणते आणि मी तिला. आमची दारं समोरासमोर. भांडणं म्हणाल तर आमच्याइतकी ह्या गल्लीत कोणी केली नसतील. तिच्या कोंबड्या माझ्या अंगणात, माझी जीभ तिच्या अंगणात. पण तिच्या घरचं मोठं पातेलं लागलं की मी हक्काने जाऊन मागायची, आणि ती तोंड वाकडं करून द्यायची.

ते पातेलं एकट्या तिचं नव्हतंच म्हणा, सगळ्या गल्लीचं होतं. तांब्याचं, दोन माणसांनी दांड्याला अडकवून न्यायचं. आमच्याकडे एवढं पातेलं दोनच कारणांनी चुलीवर चढतं. एक लग्न, आणि दुसरं घरात नवीन माणूस गेलेलं असलं की नोव्हेंबरातल्या सर्व मृतांच्या दिवसाला. जुन्या मृतांना लहान भांडं पुरतं. चारदोन शेजारी येतात, प्रार्थना म्हणतात, वाळक्या भोपळ्याच्या वाटीतून चिचा पितात आणि जातात. पण नवीन माणसासाठी अख्खा गाव येतो, तीन वर्षं येतो. प्रत्येकाची प्रार्थना आणि प्रत्येकाला चिचा. चिचा संपली की माणसं उठतात, आणि वर्षातून एकदाच घरी आलेला तो आत्मा रिकाम्या हाताने परत जातो. तीन वर्षं झाली की तो जुन्यांत जमा. मग त्याच्या एकट्यासाठी कोणी येत नाही. म्हणून पातेलं दांड्यावरून जाताना दिसलं की लोक विचारतात, लग्न कोणाचं, नाहीतर गेलं कोण?

सेरापियो खालच्या जंगलात लाकडाच्या कामाला गेला होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पावसाळ्यात नदी भरून वाहत असताना ठेकेदाराने माणसं पलीकडे न्यायला होडी काढली आणि ती मधोमध उलटली. बाकीचे काठाला लागले. हा आणि आणखी एक, दोघं लागले नाहीत. शोधलं, पण दोघांतलं कोणीच हाती आलं नाही. त्याच होडीतला एक पोरगा आमच्याकडे सांगायला आला. टोपी हातात धरून अंगणात उभा राहिला आणि जे बघितलं ते सगळं सांगितलं. निकासियाने ऐकून घेतलं, त्याला जेवायला वाढलं, आणि जेवण झाल्यावर म्हणाली की तू दुसऱ्याच कोणाला बघितलंस. त्याने परत सांगायचा प्रयत्न केला तेव्हा तिने त्याला घराबाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका रीतीप्रमाणे सरपण घेऊन आल्या. त्यांतल्या दोघी बोलता बोलता भिंतीला टेकवलेलं मोठं पातेलं ओढून राखेने घासायला बसल्या. कोणी काही वाईट मनाने केलं नाही. निकासिया आतून आली ती कुऱ्हाड घेऊनच. आम्हाला वाटलं लाकडं फोडतेय. तिने पातेलं उपडं केलं आणि बुडाला कुऱ्हाड घातली, एकदा, दोनदा, तांबं फाटेपर्यंत. मग आमच्याकडे बघून म्हणाली, "आता घासा." कुऱ्हाड चुलीपाशी ठेवली आणि मक्याला पाणी घालायला परसात निघून गेली.

तेव्हापासून त्या घरात नदी हा शब्द नाही. त्याचा फोटो भिंतीवर, पण जिवंत माणसाचा असतो तसा, लग्नातला, हसरा. पहिल्या वर्षी मृतांच्या दिवशी तिने नवऱ्यासाठी आणि आईबापांसाठी लहान भांडं चढवलं. लोक आले, कोणीतरी सेरापियोचं नाव काढलं, तर म्हणाली, त्याच्यासाठी कशाला, तो काय मेलाय? त्याला शरीर नाही, कबर नाही, आणि तुम्ही आलात वाट्या घेऊन. लोक खाली मान घालून गेले. दुसऱ्या वर्षी कोणी नाव काढलंच नाही. मी तिच्याशी भांडून बघितलं, गोड बोलून बघितलं, शेवटी हात टेकले. आई आहे, मी काय सांगणार तिला?

तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात तिची सून देल्मिरा माझ्याकडे आली. पोरगी कामाची आहे, बोलायला कमी. तिने माझे मक्याचे दाणे निवडायला घेतले आणि खाली बघूनच म्हणाली, "मावशी, हे शेवटचं वर्ष आहे त्याचं."

मी म्हटलं, माहीत आहे.

मग तिने स्वप्न सांगितलं. तो अंगणाच्या दारात येतो. कपड्यांतून पाणी गळतंय आणि तरी प्यायला मागतो. ती वाटी भरून नेते, आणि त्याच्या हातात दिली की वाटी रिकामी. दोन वर्षं तेच. आणि बाहेर लोकांची कुजबुज होतीच, क्लिसा गावचा एक ट्रकवाला दर रविवारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी कशाला थांबतो म्हणून. मला आडून आडून विचारता येत नाही. सरळ विचारलं, त्या माणसासाठी चाललंय का हे सगळं? तुला सेरापियोला लवकर मातीत घालायचंय का?

तिने दाणे निवडायचं थांबवलं नाही. म्हणाली की तो माणूस चांगला आहे, आणि त्याने विचारलंय. ती नाही म्हणालेली नाही आणि हो पण म्हणालेली नाही. "पण मी जाईन ती ह्याला पाजून जाईन. तहानलेला ठेवून नाही जाणार."

मला तिचा राग यायला हवा होता, माझ्या धर्माच्या पोराची बायको ती. आला नाही. सव्वीस वर्षांची पोर, तीन वर्षं न मेलेल्या माणसाची विधवा म्हणून सासूचं अंगण झाडतेय. उलट मलाच रडायला आलं आणि मी मक्यावर ओरडले, किडका दिलाय मेल्याने म्हणून.

आम्ही ठरवलं, यंदा त्याच्या नावाची चिचा करायची, निकासियाला न कळता. दुसरीकडून मोठं पातेलं आणायचं तर गल्लीतून वाजतगाजत येणार आणि निकासियाला कळणार. म्हणजे तिचं लहान भांडंच वापरायचं आणि त्यातूनच गावाला पुरेल एवढी काढायची. गल्ली मला ज्यासाठी हसते तेच काम. निकासियाच्या हातांचे सांधे त्या वर्षी धरले होते, बोटं वाकडी झालेली, डाव हातात ठरत नव्हता. तिने स्वतःहूनच सांगितलं होतं की यंदा लहान भांडं तुम्ही दोघी करा, मी बाजूला बसून बघेन. बघेन म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. हात गेले तरी तिची जीभ शाबूत होती, आणि चिचेच्या बाबतीत तिच्या जिभेसारखी जीभ आमच्या खोऱ्यात नव्हती. एक घोट घेऊन सांगायची, कोणाच्या घरची, कुठल्या शेतातला मका, ढवळणारी कोणाशी भांडून आली होती.

मका आम्ही माझ्याकडे भिजवला. पेंढ्याखाली मोड काढले, माझ्या छपरावर वाळवले, मंगळवारी पुनाताच्या बाजाराला जाऊन दळून आणले. निकासियाला दाखवायला एक छोटी गोणी, बाकीचं माझ्या पलंगाखाली. नवरा जिवंत असता तर म्हणाला असता, ही बाई म्हातारपणी चोरीचा धंदा करायला लागली.

शिजवायला आम्ही तोच दिवस धरला, ज्या दिवशी निकासिया कबरस्तानात नवऱ्याची कबर साफ करायला जाणार होती. दरवर्षी जाते, आणि तिथून जवळच बहिणीकडे मुक्काम करते. ती वळणावर दिसेनाशी झाली आणि आम्ही गोण्या आणल्या. लहान भांड्यात एवढं पीठ की डाव उभा राहावा. निवळ रस वरून काढला, खालचा चोथा वेगळा शिजवला, तांबूस होऊन त्याला गोड वास सुटेपर्यंत. एक भांडं रांजणात, मग लगेच दुसरं. दिवसभर आम्ही आळीपाळीने ढवळत होतो, कारण एवढं दाट असलं की नजर हटली आणि करपलंच. देल्मिराचे हात पोळले तरी ती जागची उठली नाही. सूर्य डोंगराआड गेला तेव्हा रांजण निम्मा भरला होता, आणि आत जे होतं ते बघून मला अभिमान वाटला. खाणीतसुद्धा कधी एवढं दाट जमलं नव्हतं.

सकाळी रस निवला. आम्ही पाणी उकळून निववलं होतं, घरातले आणि माझ्याकडचे सगळे कलशे भरून भिंतीला लावून ठेवले होते. विरजणाचा गाळ बाहेर काढला होता, त्याला कोमट रस पाजून जागा केला होता, आणि तो वाटीत फुगायला लागला होता. आता पाणी ओतायचं, ढवळायचं आणि विरजण सोडायचं. निकासिया दुपारी येणार होती. तोवर रांजणाला झाकण लागलं असतं, आणि रांजणात किती आहे हे झाकणावरून कोणाला कळतं? पुढचं पुढे बघू, असा माझा हिशोब. ती आली दूधवाल्याच्या गाडीतून, आम्ही पहिला कलशा उचलायच्या आत.

तिने पोतडी खाली ठेवली, भिंतीशी लावलेले कलशे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितले. माझे ओळखले असणार तिने, एकाचा कान मोडका आहे. मग रांजणापाशी आली, वाकडं बोट आत बुडवलं आणि चाटलं. डोळे मिटून उभी राहिली.

"किती भांडी चढवलीत?"

"एक," मी म्हटलं.

"कोमाद्रे, माझी बोटं गेलीत, जीभ नाही गेली."

"दोन."

"दोन भांडी, आणि अशी दाट. माझा नवरा जिवंतपणीसुद्धा एवढी पीत नव्हता. कोणासाठी आहे ही?"

मी काहीतरी थाप मारणार होते. गल्लीत लग्न आहे, बहिणीची माणसं येणार आहेत, काहीही. पण देल्मिराने मला वेळच दिला नाही.

"सेरापियोसाठी आहे, आई."

निकासियाने शालीला बोट पुसलं. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं, मीही चढवला असता. म्हणाली, सेरापियोसाठी असेल तर तो आल्यावर त्याला देऊ, झाकून ठेवा. पाणी घालू नका. मी म्हटलं, पाणी घातलं नाही तर विरजण चढायचं नाही, आजच घालायला हवं, गाळ जागा झालाय. ती म्हणाली, नको चढू दे. मग सुनेकडे वळली, आणि जे तीन वर्षं बोलली नव्हती ते बोलली, की तुझी घाई मला कळते, ट्रक सुरू करून उभा आहे ना तो गल्लीच्या तोंडाशी.

"हो, उभा आहे," देल्मिरा म्हणाली. "मीच त्याला थांबवून ठेवलंय. पण तुमचा मुलगा रोज रात्री माझ्याकडे पाणी मागतो, आई. तुमच्याकडे येत नाही, कारण तुम्ही त्याला जिवंत ठेवलंय. जिवंत माणसाला कोणी पाजायला येत नाही."

मला वाटलं, आता निकासिया तिला मारते. तिने मारलं नाही.  आणि माझं डोकं फिरलं. वाटीतला गाळ फुगून काठाला आला होता, थोड्या वेळात बसला असता, आणि ह्या दोघी अशा उभ्या. सगळं वाया जाणार, मका, मेहनत, पोराचं शेवटचं वर्ष. मी कलशा उचलला आणि रांजणावर वाकवला.

निकासियाने कलशाची मान धरली. त्या मोडक्या बोटांत एवढा जोर कुठून आला देव जाणे. कलशा आमच्या दोघींच्या मधे हिंदकळला आणि पाणी तिच्या पायांवर सांडलं.

"पाणी नको," ती म्हणाली. "कोमाद्रे, पाणी नको घालू. पाण्यानेच नेलं त्याला, आणि तू त्याच्या नावाने पाणीच ओततेस?"

मी थांबले. देल्मिराने तोंडावर हात ठेवला.

निकासियाला स्वतःचं बोलणं आमच्यानंतर ऐकू आल्यासारखं झालं. तिने कलशा सोडला नाही. ओल्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला म्हणाली, "काय बोलले मी?"   तिने परत विचारलं, ह्या वेळी सुनेला.

मग ती खाली बसली, तिथेच चिखलात. आणि रडली. मी तिला आयुष्यात पुष्कळ वेळा रडताना बघितलंय, नवरा गेला तेव्हा, गाय मेली तेव्हा, आमचं कडाक्याचं भांडण झालं तेव्हा. हे तसं नव्हतं. आवाज नव्हता. तोंड उघडं होतं आणि ती पुढेमागे हलत होती, आणि मधेच श्वास घ्यायला विसरत होती, तेव्हा मी तिच्या पाठीवर थाप मारत होते, लहान पोराला ठसका लागल्यावर मारतात तशी. मीही रडत होते, खोटं कशाला सांगू? माझ्या हातावर असताना कपाळावर पाणी पडलं तेव्हा तो किती ओरडला होता, बाप्तिस्म्याच्या दिवशी, तेच सारखं आठवत होतं. देल्मिरा सासूच्या शेजारी जमिनीवर बसली. दोघींनी एकमेकींना हात लावला नाही. पण उठलीही नाही कोणी.

बऱ्याच वेळाने निकासियाने नाक पुसलं आणि वाटीकडे बघितलं.

"गाळ बसायला लागलाय," ती म्हणाली.

"हो."

"किती वेळ धरेल?"

"फार नाही धरायचा."

"द्या इकडे," ती म्हणाली.

तिला एकटीला कलशा उचलेना. मी बुडाला हात लावला, देल्मिराने कानाला धरलं, आणि तिने ओतलं. लगेच मला बोलली, की धार बारीक धर, एवढी वर्षं पाणी ओततेस आणि धार धरता येत नाही तुला. मी ऐकून घेतलं. एक कलशा झाला, तिने ढवळायला लावलं, बोट घालून चाखलं. म्हणाली, अजून. दुसरा ओतला. चाखलं. अजून. माझ्या अंदाजाने जेवढं हवं होतं तेवढं झालं तेव्हा मी म्हटलं, बास कोमाद्रे, पातळ होईल.

"अजून," ती म्हणाली. "सगळे येतील. दोन वर्षं मी घालवून दिलेत ते पण येतील."

आम्ही ओतत गेलो. रांजण गळ्यापर्यंत भरला. मग तिने स्वतः वाटी घेतली, विरजण सोडलं, आणि झाकणावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. ओठ हलत होते. आम्हाला काही ऐकू आलं नाही, आम्ही विचारलंही नाही. दोन दिवसांनी झाकणाखालून फसफस ऐकू यायला लागली, आणि तिने मला हाक मारून ऐकायला बोलावलं.

मृतांच्या दिवशी सकाळपासून माणसं यायला लागली. मी कोणाला सांगितलं नव्हतं, देल्मिरानेही नाही, पण रांजणाचा वास भिंतीवरून जातो, त्याला काय करणार. अंगणातल्या ओट्यावर मृतांसाठी काळं कापड घातलं होतं. उसाची कमान, पिठाच्या बाहुल्या, आत्म्याला उतरायला पावाची शिडी, बटाट्याची तिखट भाजी, त्याला आवडायची तशी. देल्मिराने लग्नातला फोटो भिंतीवरून काढून ओट्यावर ठेवला तेव्हा निकासिया आत निघून गेली. परत आली तेव्हा केस विंचरलेले होते आणि अंगावर काळी शाल होती. तीन वर्षांत पहिल्यांदा.

अंगण भरलं. गल्लीत उभं राहायला जागा नव्हती. मला पाणीवाली म्हणणाऱ्या सगळ्या आल्या होत्या, हातात वाट्या, आणि कोणीही मान वर करून बघत नव्हतं. प्रार्थना म्हणणारा म्हातारा, ताता इलारियो, ओट्यासमोर उभा राहिला. आम्ही वाट्या भरून सगळ्यांच्या हातात दिल्या. त्याने रीतीप्रमाणे विचारलं, "कोणाच्या नावाने?"

त्याला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. पण नाव घरच्यांनी सांगायचं असतं. देल्मिराने सासूकडे बघितलं.

निकासियाने आधी नवऱ्याचं नाव सांगितलं. मग आईचं, मग बापाचं. मग थांबली. ताता इलारियो चांगला माणूस आहे, त्याने घाई केली नाही. तिने ओट्याच्या कडेला हात धरला.

"आणि सेरापियो क्लारोस," ती म्हणाली. "माझा मुलगा."

चर्चची घंटा वाजायला लागली. माध्यान्ह झाली की ते येतात, ही आमच्याकडची रीत, आणि घंटा थांबली की प्रार्थना सुरू होते. घंटा थांबली. ताता इलारियोने गुडघा टेकायला सुरुवात केली, तर निकासियाने त्याची बाही धरली. म्हणाली, जरा थांबा ताता. लांबून येतोय तो. आणि तो पहिल्यापासूनच उशीर करणारा पोरगा, शाळेत उशिरा, जेवायला उशिरा, स्वतःच्या लग्नाला चर्चमध्ये उशिरा.

म्हणून आम्ही थांबलो. अख्खा गाव हातात भरलेल्या वाट्या घेऊन उन्हात उभा राहिला आणि एकानेही ओठाला लावली नाही. कोणाचं तरी मूल रडायला लागलं, आईने त्याला शालीखाली घेतलं. देल्मिरा अंगणाच्या दाराकडे बघत होती. निकासिया गल्लीच्या तोंडाकडे बघत होती, हात कपाळावर धरून, तो शाळेतून यायचा तेव्हा बघायची तशीच. मी तिच्या बाजूला उभी होते, आणि देवाची शपथ, मीही बघत होते. गल्लीत ऊन होतं, दुसरं काही नव्हतं.

शेवटी तिने हात खाली घेतला.

"म्हणा आता, ताता," ती म्हणाली. "एवढा उशीर त्याने कधीच केला नव्हता."

आणि ती सगळ्यांच्या आधी गुडघ्यांवर बसली.